पुढे भुवा पडला आहे

प्रशिक्षण केंद्र, मुलींचं वसतिगृह
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय रोहिणीताई,

पोलीस झाले की पहिली अटक आबांना करणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आज रविवार, म्हणजे घरी फोन करायचा दिवस. एरवी आमचे फोन कार्यालयातल्या लोखंडी कपाटात कोंडलेले असतात. आज दहा मिनिटं हातात मिळाला, तेव्हा आबांना आनंदाने सांगितलं की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचं दीक्षान्त संचलन आहे आणि घरच्यांसाठी चार पास मिळणार आहेत. म्हटलं, तुम्ही, आई, समाधानकाका आणि रोहिणीताई. मग माझे वडील म्हणाले, "सिल्वासावाले येणार असतील तर पिंपळनेरवाले येणार नाहीत." जसे काही आपण कबड्डीचे दोन संघ आहोत.

ताई, सख्ख्या भावांनी तीन वर्षं अबोला धरायचा तर त्याला निदान शेताचा बांध तरी लागतो. आपल्याकडे काय, तर टॉवेल-टोपी. डोकमर्डीच्या तुमच्या नव्या घराची वास्तुशांत, मंडपवाल्याच्या हातात माईक, आणि टॉवेल-टोपीच्या मानाचं पहिलं नाव त्याने पुकारलं ते काकांच्या कंपनीतल्या मॅनेजरचं. थोरल्या भावाचं दुसरं. "परका आधी, आपला नंतर," असं म्हणून आबा भरल्या ताटावरून उठले आणि दोन वर्षं तुमच्याकडे राहून शिकणाऱ्या मला त्याच संध्याकाळी दप्तरासकट घेऊन गेले. माझी पुरणपोळी ताटात राहिली. ती मी विसरलेले नाही.

पण खरं सांगू? धावायला मला कोणी शिकवलं? काकांनी. मी पुढे, ते सायकलवर मागे, तोंडात शिट्टी. ते नसलेलं संचलन मला नको. आणि आबा नसलेलं तर नकोच नको. पासांसाठी नावं नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यायची आहेत.

तू आपल्या घरात पहिली शिकलेली. काहीतरी कर.

तुझी,
गुड्डी


डोकमर्डी, सिल्वासा
शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

प्रिय गुड्डी,

मी शिकलेली आहे म्हणजे काय, तर मसाटच्या कंपनीत प्रयोगशाळेत बसून दोऱ्याची जाडी आणि ताण मोजते. भावाभावांमधला ताण मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. असतं तर काटा मोडला असता.

तुझं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही. इकडेही तेच आहे. बाबा आबांचं नाव घेत नाहीत. परवा आईने विचारलं, "आक्कांना दिवाळीनंतर पिंपळनेरला कधी पोहोचवायचं?" तर म्हणाले, "त्या गावाच्या एसटीत बसवून दे." आपली आक्का सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, आणि दोन्ही मुलगे तिला पार्सलसारखं स्टँडवरून स्टँडवर धाडतात. ती म्हणते, "माझ्या दोन्ही पोरांची जीभ कोणीतरी बांधली आहे. चांगला भुवा भेटला तर सोडवून घेईन." इथे वीस वर्षं येऊन-जाऊन राहून ती भगताला भुवाच म्हणते, गुजराती लोकांसारखी.

पण मला एक मार्ग दिसतो आहे. सांगू की नको असं चार दिवस चाललं होतं, आता सांगते.

बाबांनी जुनी व्हॅन घेतली आहे. आणि तुला त्यांचं वेड माहीत आहे, मोबाईलवर दिवसभर अजब-गजब गोष्टी बघतात. दोन डोक्यांचं नारळाचं झाड, उलटं बांधलेलं घर. आता गाडी आल्यापासून म्हणतात, "हे सगळं डोळ्यांनी बघायचं." तर मी त्यांना एक सहल आखून दिली तर? धरमपूरच्या अलीकडे एका घरावर कुकरच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. पुढे एक वाजणारा दगड आहे. मग विमानाचा ढाबा. आणि वांसद्याच्या पुढे, उनाईच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानासमोर एक अवाढव्य चप्पल ठेवली आहे, माणूस आत बसून फोटो काढतो म्हणे. ती चप्पल पिंपळनेरहून येणाऱ्यालाही सोयीची आहे. तुमच्या शेजारच्या वाल्मिकने आबांना काही निमित्ताने तिथे आणलं, तर?

दसऱ्यानंतरच्या रविवारी, १३ ऑक्टोबरला, कंपनी बंद आहे.

माझी अडचण एकच आहे. "चप्पल बघायला जाऊ" हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. अर्धं खरं सांगणं म्हणजे खोटं बोलणं होतं का? मला लवकर कळव, कारण मी आईलाही अजून सांगितलेलं नाही आणि तिच्यासमोर जेवताना माझी मान खाली जाते आहे.

तुझी,
रोहिणी


प्रशिक्षण केंद्र
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

याला खोटं म्हणत नाहीत. आमच्या पुस्तकात याला सापळा म्हणतात, आणि तो कायद्याने मान्य आहे.

मी इतकी हसले, की शेजारच्या पलंगावरची जुई उठून बसली. तिला सगळं सांगावं लागलं. आता आमच्या खोलीतल्या सगळ्या मुली चपलेच्या बाजूने आहेत. एकीने तर नवस बोलला आहे.

वाल्मिकदादाशी फोनवर बोलले. तो आबांना सांगणार, की उनाईच्या रस्त्याला एक जुनी पिकअप विकायची आहे, तुम्ही पारख करा. आबांना कोणी पारख करायला बोलावलं, की ते गुडघ्याला बाशिंग बांधून तयार असतात. म्हणजे दुपारी बाराला दोघं चपलेपाशी. आधी आबा पोहोचले पाहिजेत. काकांनी आधी पोहोचून त्यांना येताना बघितलं, तर ते व्हॅन फिरवतील.

एकच विनंती. वाटेत बाबांना, म्हणजे तुझ्या बाबांना, कशासमोरही जास्त वेळ रेंगाळू देऊ नकोस. मला ते माहीत आहेत. सिल्वासातल्या नव्या सिग्नलसमोर ते तीन वेळा हिरवा होईपर्यंत उभे राहिले होते, बघत.

आणि आक्काला सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

गुड्डी


विमानात
रविवार, १३ ऑक्टोबर

प्रिय गुड्डी,

हे पत्र मी विमानाच्या पोटात बसून लिहिते आहे. विमान पत्र्याच्या पिंपांचं आहे आणि खाली कोंबड्या फिरतात. घाबरू नकोस. मी घाबरले आहे ते पुरेसं आहे. अकरा वाजून गेले आहेत, चप्पल अजून बरीच लांब आहे, आणि बाबांना खिडकीची जागा मिळेपर्यंत ते ऑर्डर देणार नाहीत. खिडकीपाशी एक कुटुंब बसलं आहे आणि त्यांची मिसळ आत्ताच आली.

सकाळी निघताना मी गॅस तीन वेळा बघितला. कागदपत्रांच्या झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवल्या. आईसाठी लिंबू, आक्कासाठी गोळ्या, बाबांसाठी चष्मा. बाबा चाळीसच्या वर जात नाहीत. रांध्याच्या पुढे एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं, तर बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याला, त्याला काय बघायचंय?"

कुकरची टाकी खरोखर आहे. घरमालक निवृत्त आहेत, नाव वसंतभाई. टाकी भरली की वरची शिट्टी वाजते अशी त्यांनी सोय केली आहे. आम्ही अंगणात उभे असतानाच मोठी शिट्टी झाली. आक्का दचकून म्हणाली, "तीन झाल्या की बंद करा, डाळीचा गाळ होईल." वसंतभाई इतके खूश झाले, की त्यांनी पाणी पुन्हा सोडलं आणि आम्हाला तीन शिट्ट्या ऐकवल्या. त्यात पाऊण तास गेला.

वाजणारा दगड एका शेतात आहे. दुसऱ्या दगडाने मारला की घंटेसारखा नाद येतो. बाबांनी मारला, आईने लाजत मारला, आक्काने असा मारला की शेताचा मालक धावत आला. त्याला वाटलं, कोणीतरी दगड फोडतंय. मग त्याने चहा केला. तिथेही वेळ गेला. मी घड्याळाकडे बघते तर आई म्हणते, "काय सारखी घड्याळात बघतेस, तिथे कोणी स्थळ बघायला येणार आहे का?" मला खोकला आला.

इथे रेंज नाही, त्यामुळे वाल्मिकला कळवता येत नाही. आत्ता वेटर आला आणि तीन भाषांमध्ये म्हणाला, की प्रवाशांनी पट्टे बांधावेत, वडा गरम आहे. खुर्च्यांना खरंच पट्टे आहेत, पोत्याच्या सुतळीचे. आईने तिचा बांधला आहे आणि ती सोडायला तयार नाही. ती म्हणते, "आयुष्यात एकदाच विमानात बसले आहे, नियमाने बसू दे." मी तिला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. गुड्डी, आज मला इतकी भीती वाटते आहे आणि तरी माझंही पोट हसून दुखतं आहे. हे दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

खिडकी रिकामी झाली. बाबा धावले. ढाब्याबाहेर टपालपेटी आहे, त्यात हे टाकते.

रोहिणी


प्रशिक्षण केंद्र
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं विमानातलं पत्र गुरुवारी मिळालं. त्यानंतरचं एकही नाही. आज वाल्मिकदादाला फोन लावला. पहिली आठ मिनिटं तो पिकअपच्या इंजिनाबद्दल बोलला. पिकअप विकायला नव्हतीच ना? तर म्हणे, तिथे गेल्यावर खरंच एक विकाऊ निघाली. मग म्हणाला, "आबा आणि काका रस्त्यात खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहून ओरडत होते. लोक जमले होते. मग माईकवर..." आणि वेळ संपली. बाईंनी फोन काढून घेतला.

कसला खड्डा? कोण माईकवर? पुन्हा माईक? आपल्या घराण्याला माईकचा शाप आहे का?

आज कवायतीत मी डावीकडे वळ म्हटल्यावर उजवीकडे वळले. साऱ्या तुकडीत एकटी. तुझ्यामुळे.

लगेच लिही. जे काही वाईट असेल ते सरळ लिही. मी पोलीस आहे, जवळजवळ.

गुड्डी


डोकमर्डी, सिल्वासा
शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

प्रिय गुड्डी,

रागावू नकोस. मी त्या रात्रीच लिहायला बसले होते, पण तुला काय कळवायचं याची खात्री नव्हती, आणि खात्री नसताना तुला आशा लावणं मला बरोबर वाटेना. खात्री काल झाली. आता पहिल्यापासून सांगते.

वांसदा सोडलं तेव्हा एक वाजून गेला होता. पुढे एका टपरीवर बाबांनी चहासाठी गाडी थांबवली, तर टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "आगळ मोटो भुवो पड्यो छे. गाडी नै जाय."

आक्काने माझा दंड धरला. "भुवा?"

तुला माहीत आहे, बाबांना आपल्या गुजरातीचा केवढा अभिमान. म्हणाले, "हो. पुढे मोठा भुवा आहे. पडलाय म्हणजे अंगात आलंय त्याच्या." त्यांनी बाईंना विचारलं, कधीपासून. बाई म्हणाल्या, सवारथी. "सकाळपासून अंगात आहे," बाबा आम्हाला म्हणाले. बाई म्हणाल्या, सरकारी माणसंही बघून गेली. बाबा म्हणाले, "बघ, साहेब लोकसुद्धा दर्शनाला येतात." मग त्यांनी विचारलं, केवढा मोठा आहे? बाई दोन्ही हात पसरून म्हणाल्या, आखो ट्रक समाई जाय.

"ट्रकभर माणसं एका वेळी घेतो," बाबांनी सांगितलं.

मी म्हटलं, "बाबा, गाडी जाणार नाही असंही त्या म्हणाल्या. आणि भुव्यात ट्रक कसा मावेल? मला वाटतं, हे काहीतरी वेगळं आहे." खरंच म्हटलं, दोनदा म्हटलं. आई म्हणाली, "तुला सगळ्यात शंका." आक्काने तोपर्यंत नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेतला होता. मला तर वाटायला लागलं, चप्पल गेली, आबा गेले, आता हा भुवा आमची संध्याकाळ करणार.

पुढे गाड्यांची रांग होती. बाबा म्हणाले, "गर्दी बघितलीस?" व्हॅन कडेला लावली आणि आम्ही पायी निघालो, बाबा पुढे दोन्ही हातांत नारळ धरून, मागे आक्का पदर डोक्यावर घेऊन. रांगेच्या शेवटी रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकल्या होत्या आणि दोरीला लाल फडकं बांधलं होतं. बाबांनी चपला काढल्या. एका माणसाला नम्रपणे विचारलं, "भुवो क्यां छे?"

तो म्हणाला, "आ रह्यो," म्हणजे हा काय, आणि खाली बोट दाखवलं.

गुड्डी, रस्ता खचला होता. पावसाने खालची माती वाहून गेली आणि डांबर आत बसलं, विहिरीएवढं भोक. शहराकडचे गुजराती लोक खचलेल्या रस्त्याला भुवो म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे सगळे नुसतं खड्डा म्हणतात ना. बाबा वाकून आत बघायला लागले. "आत बसलाय का?" त्यांनी विचारलं. आक्काने खड्ड्याला हात जोडले.

लोक हसायला लागले. ते मी समजू शकते. मलाही हसू येत होतं आणि लाजेने जीवही जात होता. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ओरडलं, "अरे, आ बीजा काका पण नारियेळ लाव्या छे." दुसरे काकासुद्धा नारळ घेऊन आलेत. सगळे तिकडे वळले आणि आणखी मोठ्याने हसले.

पलीकडे पांढरी टोपी घातलेले, अनवाणी, हातात नारळ धरलेले आबा उभे होते. त्यांच्या मागे वाल्मिक.

चपलेपाशी थांबून कंटाळल्यावर त्यांनी कोणाला तरी विचारलं होतं, सिल्वासाकडून गाड्या का येत नाहीत. त्यांनाही तेच उत्तर मिळालं आणि त्यांनीही तोच अर्थ लावला. वाल्मिकला कळलं होतं. पण तो म्हणतो, आबा आपणहून सिल्वासाच्या दिशेने निघाले होते, मी कशाला अडवू?

मला वाटलं, आता बाबा फिरणार. ते फिरले, पण हसणाऱ्या लोकांकडे. म्हणाले, "ओ भाऊ, माझ्यावर हसा. त्यांच्यावर हसायचं नाही. मोठे भाऊ आहेत माझे." मराठीत बोलले, पण सगळ्यांना कळलं. हसणं थांबलं.

आबा पलीकडून म्हणाले, "मला कोणाच्या वकिलाची गरज नाही. तू इथे कशाला?"

"मी कुठेही जाईन. तुम्ही कशाला?"

"मी पिकअप बघायला आलोय."

"नारळ घेऊन?"

"घेताना फोडावा लागतो."

"मी विमान बघायला आलोय," बाबा म्हणाले.

अंतर जास्त आणि ट्रकांची इंजिनं चालू, म्हणून हे सगळं ओरडून चाललं होतं. वाल्मिकने ऐकलं ते हे. शेवटी आक्का पुढे आली आणि तिने तीन वर्षांनी दोन्ही मुलांना एका नजरेत बघितलं. तिने भांडणाचं काही विचारलं नाही. म्हणाली, "नथ्या, जेवी लिधं का रे?"

जेवलास का. बस, एवढंच. आबा खाली बघत म्हणाले, "नाही, माय." आणि मग तसंच खाली बघत, जणू खड्ड्यालाच सांगत होते, "पोरीची परेड आहे. सिल्वासावाले आल्याशिवाय पोरगी हसायची नाही. बोलावू कसं, तेच विचारायचं होतं भुव्याला. मी त्या दिवशी ताटावरून उठलो. उठलेला माणूस परत कसा बसतो, ते मला येत नाही."

बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता. ते चालायला लागले. पण ते व्हॅनकडे गेले नाहीत. रांगेत एक कांदा-लसणाचा टेम्पो उभा होता, वर भोंगा बांधलेला, "लसण लई लो" असं आपलं आपलं चालू. बाबांनी टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलून त्याच्या हातातून माईक घेतला. लसूण बंद झाला.

"सर्व उपस्थित मंडळी," बाबा म्हणाले. आवाज थरथरत होता आणि भोंग्यातून आणखी थरथरत होता. "टॉवेल-टोपीच्या मानाचं पहिलं नाव. पिंपळनेरचे नथू भिका सोनवणे. माझे मोठे भाऊ. दुसरं नाव नाही."

दोन्ही बाजूंचे ट्रकवाले, बसमधले लोक, कोणाला काही कळलं नसणार, पण टाळ्या वाजल्या. कोणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "टॉवेल कुठाय?"

टॉवेल नव्हता. व्हॅनची काच पुसायचं पिवळं फडकं होतं. मी म्हटलं, ते मळकं आहे. आक्का म्हणाली, "तू गप्प, दे इकडे." शेताच्या कडेकडेने खड्ड्याला वळसा घालून बाबा पलीकडे गेले, चिखलात दोनदा घसरले, आणि ते फडकं त्यांनी आबांच्या खांद्यावर टाकलं. आबांनी ते झटकून, घडी करून, नीट दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

व्हॅन तिथेच ठेवून आम्ही सगळे वाल्मिकच्या गाडीतून चपलेपर्यंत गेलो. चप्पल एकच आहे, डाव्या पायाची. दोघांना शेजारी बसायला जागा पुरेना, म्हणून आबा पुढे अंगठ्यापाशी आणि बाबा मागे टाचेवर बसले. फोटोत दोघं होडीत बसल्यासारखे दिसतात. मग आईने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांनी तिथेच खाल्ली. आबा पाच दशम्या जेवले.

निघताना आबा म्हणाले, "परेडला येशील?" बाबा म्हणाले, "बघू. सुट्टी मिळाली तर." आणि निघाले. म्हणून मी तुला लिहिलं नाही. "बघू" म्हणजे काय हे मला समजत नव्हतं.

काल बाबांनी रजेचा अर्ज मला तपासायला दिला. कारणाच्या जागी लिहिलं आहे, "मोठ्या भावासोबत मुलीच्या परेडला जाणे." मी म्हटलं, पुतणीच्या असं पाहिजे. ते म्हणाले, "अर्ज माझा आहे."

तर पास पाठव. चार.

तुझी,
रोहिणी


प्रशिक्षण केंद्र
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

ताई,

नावं दिली. आबा, आई, काका, तू. पास येतील. तुझी आई आणि आक्का यांना बाहेरच्या मांडवात बसावं लागेल, तिथून पडद्यावर दिसतं. आक्का ऐकणार नाही, पण ती माझी डोकेदुखी नाही, फाटकावरच्या बाईंची आहे.

तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचलं. "टॉवेल कुठाय" इथे मला थांबावं लागलं. जुईने पुढचं वाचलं.

आज फोन केला, तर आबांच्या मागे काकांचा आवाज. दिवाळीला तुम्ही पिंपळनेरला आहात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आबा म्हणाले, "हा माणूस माझ्या विहिरीचे व्हिडिओ काढतोय, ह्याला घेऊन जा."

एक सांगते. संचलनात मान वळवता येत नाही. मला तुम्ही कोणी दिसणार नाही. नंतर भेटलो तरी सगळे एकदम बोलतील आणि मला काही कळणार नाही. म्हणून तू सगळं नीट बघ. दोघं शेजारी बसतात का, मी समोरून जाते तेव्हा काय करतात. माझ्या वतीने बघ आणि जसंच्या तसं लिही.

गुड्डी


डोकमर्डी, सिल्वासा
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय गुड्डी,

आता तुझा फोन तुझ्याकडे असतो, तरी हे पत्रातच लिहिते. फोन केला की बाबा शेजारी येऊन बसतात, आणि हे त्यांनी ऐकायचं नाही.

तू म्हणालीस तसं सगळं बघितलं. दोघं शेजारी बसले. आबांनी नवा सदरा घातला होता आणि बाबांनी बूट, जे त्यांना लागत होते. आक्काला फाटकावर अडवलं, तेव्हा ती म्हणाली, "पोरीला मी नहाऊ घातलंय, मला कसला पास?" त्या बाईंनी आधी नियम सांगितला, मग स्वतःची खुर्ची दिली. म्हणजे आम्ही पाच जण आत होतो आणि आई बाहेर पडद्यासमोर. तिला पडद्यावर आमच्यापेक्षा जास्त दिसलं, हे ती आता रोज सांगते.

बँड सुरू झाला आणि तुम्ही आलात. सगळ्या सारख्या. तीच टोपी, तोच पट्टा, तीच हनुवटी. आबा म्हणाले, "ती बघ, दुसऱ्या रांगेत, कडेची."

बाबा म्हणाले, "छे. तिसरी रांग, मधली. तिची धाव मी बघितली आहे, चाल मला कळत नाही का?"

"बाप मी आहे."

"सायकलवर मागे मी होतो."

तुझी आई दोघांच्या मध्ये हात घालायला लागली. मागचे लोक म्हणाले, बसा, बसा. मला तू केव्हाच दिसली होतीस, पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला. तुझा डावा कोपर जरासा बाहेर जातो, भाकरी थापतानाही जायचा. मी सांगणारच होते.

तेवढ्यात आबा डोळे बारीक करून म्हणाले, "थांब. ती चौथीतली तर नाही? उंच?"

बाबांनी बघितलं. "तीच," ते म्हणाले. "तीच आहे, दादा."

आणि दोघं एकदम उभे राहिले. ती उंच मुलगी समोरून जाईपर्यंत त्यांनी हात वर करून टाळ्या वाजवल्या. बाबा शिट्टी वाजवायला गेले, पण तोंडातून नुसती हवा आली, कारण ते रडत होते. आबा "शाब्बास पोरी, शाब्बास पोरी" म्हणत होते. आक्काने सगळ्याच मुलींसाठी टाळ्या वाजवल्या, त्यात तूही आलीस, काळजी करू नकोस.

गुड्डी, चुकलेलं दुरुस्त केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे तुला माहीत आहे. मी तोंड उघडलं होतं. मग दोघांकडे बघितलं आणि मिटलं. उभी राहिले आणि मीही त्या चौथ्या रांगेतल्या मुलीसाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

ती कोण होती ते शोधून काढ. तिला सांग, तिचं संचलन फार सुंदर झालं.

तुझी,
रोहिणी